बाई, नवऱ्याचं नाव सांगा

नाचणगाव
२४ जून १९५५

बाबा,

वर 'तीर्थरूप' लिहावं की नुसतं 'बाबा', या घोळात एक चांगला कागद फुकट गेला. ज्या माणसाला जन्मात पाहिलं नाही त्याला शिरसाष्टांग नमस्कार घालायचा तर कुठल्या दिशेला तोंड करून घालायचा? आमच्या सुमित्राबाईंनी नकाशा पाहून सांगितलं, नैर्ऋत्येला. म्हणून त्या बाजूला तोंड करून बसले आहे. मी विमल. तुम्ही दक्षिण आफ्रिकेत, दर्बनला परत गेलात तेव्हा आईच्या पोटात होते ती.

सुमित्राबाई पुलगावच्या शाळेत आम्हाला इतिहास शिकवतात. यंदा जिल्ह्यातल्या शाळांची निबंधाची चढाओढ आहे आणि मॅट्रिकच्या वर्गाला विषय आलाय 'रंगभेद आणि परदेशी वस्तीचे कायदे'. मी वर्तमानपत्रातली कात्रणं चिकटवत बसले होते. बाई म्हणाल्या, "तुझे वडील तिथंच राहतात ना? मग शिळ्या भाकरी कशाला चावतेस? पत्र टाक." मी म्हटलं, ते पत्र पाठवत नाहीत. त्या म्हणाल्या, "मग तू पाठव." बाईंशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही.

पत्ता आईला पाठ आहे. तिला अक्षर येत नाही, पण परवचा म्हणावी तसा घडाघडा म्हणून दाखवते, तुमचं नाव तेवढं गाळून. ते मी माझ्याच नावातून घेतलं. विमल पुंडलिक भोयर.

तर मला हे कळवा. तुमचे वडील नाचणगाव सोडून तिथं का गेले? आता कुणी गेलं तर त्याला का येऊ देत नाहीत? आणि बाकावर 'फक्त गोऱ्यांसाठी' असं लिहिलेलं असतं म्हणतात ते खरं का, की वर्तमानपत्रवाले मीठमिरची लावतात?

हे सगळं शाळेसाठी आहे. आमचा तुमच्यावर काही दावा नाही. आई बरी आहे. तुम्ही विचारलं नव्हतंत, तरी लिहिलं.

विमल


नाचणगाव
३१ जुलै १९५५

बाबा,

तुमचं उत्तर आलं! पोस्टमन मोतीलाल ते निळं विमानाचं पत्र सायकलवरूनच हलवत आला, त्यामुळे आमच्या आधी अर्ध्या गावाला कळलं. तुमचे किती आभार मानू? मला वाटलं होतं चार ओळी येतील, नाहीतर तेवढ्याही नाहीत. तुम्ही सात पानं लिहिलीत. तुमचं अक्षर म्हणजे पिंजलेला कापूस आहे, पण मी सगळं लावलं.

आजोबा दुष्काळात गिरमिट करून, म्हणजे मजुरीच्या करारावर अंगठा देऊन, कलकत्त्याहून बोटीत चढले आणि उसाच्या मळ्यात गेले, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. उसाला माणसं हवी होती तोवर बोलावलं आणि माणसं तिथंच नांदायला लागली तेव्हा दार लावून घेतलं, हे तुमचं वाक्य मी जसंच्या तसं निबंधात घालणार आहे. सुमित्राबाई म्हणाल्या, कुठल्या पुस्तकात इतकं नीट सांगितलेलं नाही. हॉटेलात ज्या खुर्च्या तुम्ही रोज पुसता त्यांवर तुम्हाला बसता येत नाही, हे वाचून मात्र मामा गप्प झाला. भैय्याजी गप्प झाला म्हणजे काय, ते तुम्ही त्याच्या घरी दोन वर्षं राहिलात, तुम्हीच समजा.

तीन वर्षांहून जास्त बाहेर राहिलं की तुमचं तिथलं दार बंद होतं, म्हणून तुम्ही घाईनं गेलात. हेही आम्हाला माहीत नव्हतं. गावात म्हणत, लग्न केलं आणि पळाला. आता मी एकेकाला गाठून सांगते आहे.

पण खरी गोष्ट तुमच्या शेवटच्या पानावर होती. सात वर्षांपूर्वी तुम्ही आम्हा दोघींना बोलावण्यासाठी दाखला मागितला, आणि तिकडच्या कचेरीनं तुम्हाला कळवलं की 'बाईनं नवऱ्याचं नाव सांगायला नकार दिला'. तुम्ही लिहिलंत, 'ज्या बाईने मले नाकारलं, तिले मी काऊन त्रास देऊ?'

मामा हे मोठ्यानं वाचत होता. आई भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच राहिला.

"नाकारलं?" ती म्हणाली. "मी?"

बाबा, त्या दिवशी मी तिथं होते. नऊ वर्षांची होते, आईचा पदर धरून उभी होते. वर्ध्याच्या कचेरीत साहेब बाहेरप्रांतातला होता. त्यानं विचारलं, बाई, नवऱ्याचं नाव सांगा. आईनं मान खाली घातली. त्यानं पुन्हा विचारलं, मग आवाज चढवून विचारलं. मामानं सांगायला तोंड उघडलं तर त्याला दटावलं, बाईच्याच तोंडून पाहिजे. मी सांगणार होते, तर मामानंच मला चिमटा काढला. शेजारच्या कारकुनाला सगळं कळत होतं, पण 'बाई रीत पाळते' असं लिहायला दर्बनच्या कागदात जागा नव्हती. आम्ही परत आलो. आईला वाटलं, लाजून गप्प बसलेल्या बाईचं कचेरी समजून घेईल. पुढं तुमचं पत्र येईना, तेव्हा तिला वाटलं तुम्ही तिकडे दुसरी केली.

परवा मी तिला विचारलं, का नाही घेतलंस नाव? ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते. "नवऱ्याचं नाव घेतलं का त्याचं आयुष्य कमी होते. आधीच मानूस एवढ्या दूर, एकटा. त्याच्या आयुष्याले आनखी मी कात्री लावू? तो दाखला गेला चुलीत."

तुम्हाला नाकारायला नव्हती हो ती गप्प. तुम्ही जगावं म्हणून गप्प होती.

तुम्ही दुसरी केली नाहीत असं लिहिलंत. ते वाक्य आईनं मामाकडून पुन्हा वाचून घेतलं आणि मग, ऐकू आलं नाही म्हणून, आणखी एकदा. आईचे कान ठणठणीत आहेत.

तुमची विमल


नाचणगाव
५ सप्टेंबर १९५५

बाबा,

तुम्ही पुन्हा अर्ज केलात! दोघींसाठी! आई कुणाला काही बोलत नाही, पण दोन दिवसांत तिनं तिखट, हळद, मूगवड्या असा पसारा मांडलाय की दर्बनला दुकानच काढणार आहे. तुमच्याकडे हळद मिळते का, असं तिनं विचारायला सांगितलंय. मिळत असली तरी नाही म्हणा. तिचा आनंद जाईल.

निबंधासाठी सुमित्राबाई मला सेवाग्रामला घेऊन गेल्या होत्या. तिथं अण्णाजी म्हणून एक म्हातारे आहेत, तरुणपणी तुमच्या दर्बनच्याच नाताळ प्रांतात सत्याग्रहात तुरुंगात गेलेले. खेकसतात फार. पण त्यांनी सांगितलं की तिकडे १९१३ साली एका न्यायाधीशानं निकाल दिला, ख्रिस्ती रीतीनं लागलेलं लग्न तेवढं खरं. म्हणजे एका सकाळी आपल्या सगळ्या बायका बिनलग्नाच्या झाल्या! तेव्हा आजवर चूल न सोडलेल्या बायकाही रस्त्यावर उतरल्या आणि तुरुंगात गेल्या. निकाल मोडला, पण संशय राहिला. बाई खरी का, पोर खरं का, हे विचारत राहायचं आणि एक उत्तर चुकलं की दार लावायचं. "पोर खोटं निघालं, की मायपण खोटी ठरवतात," असं अण्णाजी म्हणाले.

 आता तुम्हाला एक गोष्ट सांगते, आणि तुमच्या पत्रात याचा उल्लेखही करू नका, कारण मामा मोठ्यानं वाचतो.

अण्णाजींनी कायद्याचं कात्रण दाखवलं. एकोणीसशे छप्पन्नच्या फेब्रुवारीत दार बायकामुलांनाही बंद होणार, हे तुम्ही लिहिलंच होतंत. पण मुलांचं वय सोळाच्या आत हवं. बाबा, तुमच्या हिशेबात मी अजून लहान असेन. मी पोळ्याच्या दिवशी जन्मले. यंदाच्या पोळ्याला मला सोळा पुरी झाली. बैलांना पुरणपोळी भरवताना आई म्हणत होती, "पुढचा पोळा दर्बनले." मी हो म्हटलं.

आई येऊ शकते. मी नाही. हे तिला कळलं तर ती हलायची नाही, आणि फेब्रुवारीनंतर तिलाही कुणी येऊ देणार नाही. वय चोरायचं माझ्या मनात आलं नाही असं नाही. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींची वयं मास्तरांनी अंदाजानंच मांडली आहेत. पण माझं खोटं सापडलं तर आई खोटी ठरेल. सात वर्षं ती एकदा खोटी ठरून बसली आहे. पुन्हा नको.

तुम्ही विचारलंत, 'खुर्चीचं पुसलं, आता तुमच्या विहिरीचं लिव.' मला राग आला. मग मी विहिरीवर गेले. खाली बायजाबाई घागर घेऊन उभी होती, कुणी वरून पाणी ओतेल म्हणून. मी रोज ओतते आणि स्वतःला मोठी दानशूर समजते. तिला चार पायऱ्या चढू द्याव्यात हे मला कधी सुचलं नव्हतं. तुम्ही विचारलंत हे बरं केलंत.

विमल


नाचणगाव
३१ ऑक्टोबर १९५५

बाबा,

निबंधाची चढाओढ झाली. नंबर आला नाही. परीक्षकांनी शेरा दिला, 'माहिती उत्तम, परंतु विहिरीचा मजकूर विषयास सोडून.' सुमित्राबाईंनी तो शेरा वाचला, कागदाची घडी घातली आणि मला चहा पाजला. त्या कुणाला चहा पाजत नाहीत. मामा मात्र चिडलाय. "गावची अब्रू वर्ध्याले टांगून आली!" दुसऱ्या दिवशी बायजाबाई मला म्हणाली, "पोरी, लिवलं ते बरं केलं. पन पायरी कोन चढन?" मी तिची घागर घेतली, तिचा हात धरला आणि आम्ही वर गेलो. भांडण झालं, मोठं झालं, अजून चाललंय. आई माझ्या बाजूनं भांडली. तिचा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.

आता खरी बातमी. कचेरीची तारीख आली, एकवीस नोव्हेंबर. तेव्हापासून घरात शाळा भरते आहे. मी साहेब होते, मामीच्या चष्म्यासकट. "बाई, नवऱ्याचं नाव सांगा." आई म्हणते, "विमलचे बाबा." मी म्हणते, चालणार नाही. ती म्हणते, "भैय्याजीचे भाऊजी." मी म्हणते, साहेब हाकलून देईल. मग ती चिडते. "तो साहेब त्याच्या बायकोले विचारून पाह्यजो म्हना, घेते का ते नाव!"

शेवटी मामी म्हणाली, "वन्सं, लग्नात उखान्यात घेतलंच होतं ना?" ते खरं. उखाण्यात नाव घेतलं तर आयुष्याला धक्का लागत नाही, ही पळवाट कुणी काढली देव जाणे, पण शहाण्या बाईनंच काढली असणार. मी एक उखाणा रचून दिलाय. तुम्हाला लिहीत नाही, लाजाल.

मी अजून तिला सांगितलेलं नाही. तिनं माझ्यासाठी बोटीवर घालायला जाड पोलकं शिवलंय. ते घालून पाहिलं. छान बसतं.

विमल


नाचणगाव
२२ नोव्हेंबर १९५५

बाबा,

आधी हे वाचा. पत्र मिळताक्षणी तुम्ही खुशाल आहात असं उलट टपाली कळवा. तारच करा. आईनं काल तुमचं नाव घेतलंय आणि तिचा जीव थाऱ्यावर नाही.

आता सगळं सांगते.

कचेरीत या वेळी ओमप्रकाश नावाचे साहेब होते. तरुण, हिंदीतून मराठी बोलणारे, भले वाटले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "ये लडकी? वय किती?"

आई म्हणाली, "लहान आहे जी." मी म्हटलं, सोळा पूर्ण, पोळ्याला.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. आईकडे वळून सावकाश सांगितलं की मुलगी जाऊ शकत नाही, कायदा तिकडचा आहे, त्यांच्या हातात काही नाही. आई तेवढी जाऊ शकते. मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "बाई, नवऱ्याचं नाव सांगा."

आई माझ्याकडे पाहत राहिली. तिला सगळं कळलं. मला आधीपासून माहीत होतं, हेही कळलं. बाबा, तिला आता काहीच करायचं नव्हतं. नुसती मान खाली घालायची. कुणी तिला नावं ठेवली नसती, उलट चार बाया म्हणाल्या असत्या, रीतीची बाई. ती गप्प राहिली असती तर माझ्याजवळ राहिली असती. आणि मला ते हवं होतं. खोटं कशाला लिहू? कचेरीत उभी असताना माझ्या मनात हेच होतं, गप्प राहा, गप्प राहा, गप्प राहा.

मग मला तुमची खुर्ची आठवली. पुसायची आणि उभं राहायचं. सोळा वर्षं रात्री परत येऊन एकट्यानं जेवायचं. मी म्हटलं, "आई, नाव घे."

मी रचलेला उखाणा ती विसरली. किंवा तिला तो नको झाला असेल. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि साहेबांच्या डोळ्यांकडे पाहून म्हणाली, "पुंडलिक. पुंडलिक सीताराम भोयर. मी आनंदा, त्याची बायको. लग्न नाचनगावले झालं, भैय्याजीच्या दारात. लिवा."

साहेबांनी लिहिलं. त्यांनी आईला नमस्कार केला, बाबा. खुर्चीतून उठून.

बाहेर आल्यावर तिनं मला एक थापड मारली आणि मग घट्ट धरून रडली. दोन्ही रस्त्यातच. लोक पाहत होते, पाहू देत. बसगाडीत चढल्यावर म्हणाली, "तू मले काऊन नाई सांगितलं?" मी म्हटलं, तू नाव घेतलं नसतंस. तिनं थापड मारलेला माझा गाल चोळला. मग म्हणाली, "मी नाई गेली तं त्या कचेरीवाल्याइचंच खरं होते. का मी त्याची कोनीच नाई म्हनून. आता जातो मी. पन तुया शिक्षनाचं पाहूनच जातो."

आणि वर्धा मागं पडलं नाही तोच घाबरून माझा हात धरला, "त्याले काई झालं नसन ना वो?"

म्हणून म्हणते, तार करा.

विमल


पुलगाव स्टेशन
१२ जानेवारी १९५६

बाबा,

तुमची तार आली होती ती आईनं पोलक्याच्या आत ठेवली आहे. 'ठणठणीत आहे. आणखी दहा वेळा घे.' तुम्ही विनोदी आहात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं खरंच घेतलं, दळताना, सारवताना, मामीला हाका मारताना मध्येच. आता गावातल्या बाया तिला घाबरतात.

तिची गाडी आत्ताच गेली. मामा मुंबईपर्यंत सोबत आहे, पुढं बोटीत गुजराती कुटुंब भेटेल असं ठरलंय. हे पत्र विमानानं तिच्या आधी पोचेल. मी बाकावर बसून लिहिते आहे.

माझी काळजी करू नका. मार्चमध्ये मॅट्रिक, मग वर्ध्याला शिक्षिकेचं ट्रेनिंग. सुमित्राबाईंनी वसतिगृहात जागा बोलून ठेवली आहे आणि सुट्टीत मामी आहेच. आई तीन वर्षांच्या आत येऊन जाईल; तेवढं तर कायदाही देतो. मी रडले. तेही लिहिते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोर दगड आहे.

तुमचे उपकार मानायचे राहिलेत. तुम्ही उत्तर दिलंत, म्हणून मला वडील मिळाले. तुम्ही विहिरीचं विचारलंत, म्हणून बायजाबाई आता स्वतःच्या हातानं पाणी शेंदते, शिव्या खाऊन का होईना. तुम्ही दुसरी केली नाहीत. तुम्ही पुन्हा अर्ज केलात. त्या परीक्षकांचेसुद्धा उपकार, त्यांनी नंबर दिला असता तर मी शेफारले असते.

आईला मूगवड्या स्वतः करू द्या, मदत करू नका. पहाटे उठली की लगेच बोलत नाही, तेव्हा रागावली समजू नका. तिला समुद्राची भीती वाटते पण ती सांगणार नाही, म्हणून धक्क्यावर लवकर जाऊन उभे राहा, तिला दिसेल असे. गोऱ्यांच्या बाकावर बसू देत नसतील तर उभे राहा.

गाडी सुटताना तिनं खिडकीतून विचारलं, "बापाले तुयाकडून काय सांगू?" सात महिने पत्रं लिहिली आणि त्या क्षणी मला एक शब्द सुचला नाही. गाडी गेली. आता सुचलंय. माझा एकही फोटो कधी काढलेला नाही, पण सगळे म्हणतात मी हुबेहूब आईसारखी दिसते. कपाळ, हनुवटी, रागावल्यावर भुवई वर जाते तीसुद्धा.

तर बोटीवरून उतरणाऱ्या त्या बाईकडे नीट पाहून घ्या. तिला तुम्ही सोळा वर्षांनी पाहाल, आणि मला पहिल्यांदा.

तुमची
विमल पुंडलिक भोयर